काढलेला स्टेंट फेकू नका, यंदा हात आखडता घेऊ नका

सोलापूरकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाची मुतखडा शिबिरे शहराला नवी नाहीत. पूर्व भागातले यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या मायबहिणी यांची सोय झाली ती दात्यांमुळे. साखर पेठेतल्या आपल्या चादर कारखानदारांनी सोनोग्राफीचा खर्च नाव न लावता उचलला. अक्कलकोट रोडच्या मालकांनी तपासणीच्या दिवशी कामगारांचा खाडा धरला नाही. गड्ड्याच्या यात्रेतल्या दुकानदारांनी तर कमाईतला वाटा आधीच बाजूला काढून ठेवला. हे ऋण मंडळ विसरलेले नाही.

आता पुढचे काम. खड्याच्या ऑपरेशननंतर अनेकांच्या मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या वाटेत, लघवी वाहती राहावी म्हणून डीजे (डबल-जे) स्टेंट नावाची बारीक नळी काही दिवसांसाठी घालतात. दोन्ही टोकांना वळण असलेली ही नळी 1978 पासून वापरात आहे, तरी तिची दुखणी संपलेली नाहीत. आत जाताच तिच्यावर लघवीतल्या प्रथिनांचा थर बसतो, त्यावर जंतू घर करतात. प्रोटियससारखे जंतू युरिया फोडून अमोनिया करतात, लघवीची आम्लता घटते, क्षारांची खपली धरते. जेमतेम 2 मिलिमीटर जाडीच्या नळीची छिद्रे बुजायला मग वेळ लागत नाही. दुखणे थांबले की माणूस नळी काढायला यायचेच विसरतो. महिनोन्‌महिने राहिलेली नळी ओढताना तुटते. त्यात आपला उन्हाळा, मागावर घाम गाळणारा माणूस, पोटात पाणी कमी!

नवे लेप, आपोआप विरघळणारी नळी यांवर जगात काम चालू आहे. पण आपल्या माणसांच्या नळ्या कुठे, किती दिवसांत, कशाने बुजतात हे आपल्याच नळ्या तपासून कळेल. आज त्या कचऱ्यात जातात. त्या गोळा करून खपलीची तपासणी करायची, नोंदी मूत्ररोगतज्ज्ञांना आणि नळीची रचना करणाऱ्या अभियंत्यांना द्यायच्या, आणि काढायची तारीख उलटण्याआधी प्रत्येक रुग्णाला फोन करायचा, एवढा हा उपक्रम आहे.

गेल्या वर्षी याच कामासाठी दारोदार फिरलो. मंडपाच्या वर्गणीला क्षणात उघडणारे गल्ले या कामाला 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणाले. मनाला लागले, ते लपवत नाही. यंदा तसे होऊ देऊ नका.

देणगी रोख वा चेकने, मंडळाच्या कार्यालयात, सायंकाळी 6 ते 8, रविवार बंद. पावती मागून घ्यावी. स्टेंट रुग्णाच्या लेखी संमतीने, डॉक्टरांमार्फतच, न धुता, बंद डबीत. डबीवर घातल्याची व काढल्याची तारीख हवी. डब्या कार्यालयात मोफत. फोन करायला तेलुगू, कन्नड बोलणारे स्वयंसेवकही हवेत.

आपला नम्र,
सचिव