भिंतीवर लागण्याआधी

बेळगाव

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलता आलं असतं. पण फोनवर आई लगेच "बाबांशी बोल" म्हणते आणि बाबा "जेवलीस का" विचारून फोन ठेवतात. मला जे विचारायचं आहे ते दोघांनी सावकाश वाचून मग ठरवायचं आहे. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा. मधलं काही गाळू नका.

प्रदर्शन पक्कं झालं. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी उघडणार, मंगळवारपर्यंत राहणार. टिळकवाडीतल्या के. बी. कुलकर्णी कलादालनात. कुलकर्णी सर बेळगावचे मोठे चित्रकार, रवी परांजप्यांसारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या नावाच्या दालनात फक्त माझी चित्रं लागणार आहेत. आत्तापर्यंत दहा जणांच्या प्रदर्शनात माझं एखादं चित्र कोपऱ्यात असायचं. या वेळी सगळ्या भिंती माझ्या आहेत.

विषय आपल्या रेणुकेचा आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा. तुम्ही येण्याआधी कुणीतरी गल्लीत येऊन "तुमच्या पोरीनं देवीचं काय काय काढलंय" असं सांगेल, त्याआधी मीच सांगते.

आई, तू लहानपणी गोष्ट सांगायचीस ती अशी: रेणुका रोज नदीवर जायची, ओल्या वाळूची घागर करायची, नागाची चुंबळ डोक्यावर ठेवायची आणि जमदग्नींच्या पूजेला पाणी आणायची. एक दिवस पाण्यात खेळणारा गंधर्व दिसला, मन क्षणभर तिकडे गेलं, आणि घागर वळेना. मी मोठी झाल्यावर महाभारतातलं वनपर्व वाचलं. तिथे वाळूची घागर नाहीच. तिथे ती स्नानाला जाते आणि तिला चित्ररथ नावाचा राजा दिसतो. पुढचं सगळं तेच. जमदग्नी मुलांना एकेक करून सांगतात, आईला मार. मोठे चौघं, रुमण्वान, सुषेण, वसू आणि विश्वावसू, काही करत नाहीत. परशुराम कुऱ्हाड उचलतो. मग वडील प्रसन्न होऊन वर माग म्हणतात, आणि तो आई जिवंत व्हावी असं मागतो. त्याच दमात आणखी एक मागतो: तिला आपण मारल्याची आठवण राहू नये.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. परशुरामानं आईवर दयाच केली असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्या सगळ्या कथेत रेणुकेच्या तोंडी एक वाक्य नाही. ती नदीवर जाते, परत येते, मरते, उठते. बोलतात ते बाकीचे. आणि शेवटी तिच्याजवळची आठवणही जाते. मग तिचं म्हणून उरलं काय? मला वाटतं, पाणी आणणं उरलं. ते काम तिचं होतं. म्हणून मी देवीचा मुखवटा काढला नाही, सिंहासन काढलं नाही. माहूरला देवीचं फक्त मुख पुजतात, त्या मुखावर बाकीच्यांनी पुष्कळ काढलंय आणि सुंदर काढलंय. माझ्या चित्रांत पाठ आहे, मान आहे, ओले पाय आहेत, घागर आहे. पाणी आणणारी बाई आहे. तिला मी कुठेही हिणवलेलं नाही, आई. काढताना रोज सकाळी आधी हात जोडलेत.

त्या चार भावांची चित्रं सगळ्यांत मोठी आहेत. आपल्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नाही. वडिलांनी त्यांना शाप दिला आणि त्यांची चेतना गेली, ते मृगपक्ष्यांसारखे जड झाले असं वनपर्वात आहे. म्हणून एकाचं तोंड हरणाचं आहे, एकाच्या खांद्यातून टिटवीचे पंख फुटलेत, एक नुसता बसलाय. बाबा, तुम्ही म्हणाल वडिलांचा शब्द मोडणाऱ्यांना एवढी मोठी जागा कशाला. कारण ते आईवर हात उचलू शकले नाहीत आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. कथा परशुरामाची झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या चौघांसमोर माणसानं जरा वेळ थांबावं असं मला फार वाटतं. मांडणी मी पिंगुळीच्या चित्रकथी पोथीवरून घेतली आहे. घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी चित्रं एकामागून एक दाखवत कथा गातात. तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या पोथीत दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, तशी माझी काही चित्रं दालनाच्या मधोमध टांगलेली आहेत. पुढून परशुराम दिसतो, मागे गेलं की भाऊ.

आता बाबा, तुमच्या मडक्यांबद्दल.

उन्हाळ्यात मी कच्च्या घागरी मागितल्या, तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत, करून दिल्यात. गळ्याचं वळण इतकं नीट आहे की इथे ज्यांनी बघितल्या ते हात लावायला कचरतात. त्या मी भाजणार नाही. दालनात एका पाटावर त्या रांगेनं ठेवणार, आणि रोज संध्याकाळी एकीत मलप्रभेचं पाणी भरणार. पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आधी बुड ओलं होईल, मग पोट बसेल, मग पाटावर चिखल. आव्यात भाजून न निघालेलं मडकं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही असं तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात, आणि मी ते मुद्दाम लोकांसमोर मोडायला ठेवते आहे, हे तुम्हाला लागेल हे मला ठाऊक आहे. पण ती घागर कशानं टिकायची हेच लोकांना दिसायला हवं. खानापूरच्या कुंभारकामाच्या केंद्रात मी ऐकलं होतं की ६०० अंशांच्या आसपास मातीच्या अंगातलं बांधलेलं पाणी निघून जातं, आणि एकदा ते गेलं की ती माती परत चिखल होत नाही. तुम्ही हे आव्याच्या तोंडाशी जाळाचा रंग बघून ओळखता. रेणुकेच्या घागरीला आवा नव्हता. नुसती वाळू, तिच्यात चिकटाही नाही. जी वस्तू मुळात टिकूच शकत नाही ती टिकवायची जबाबदारी रोज एका बाईच्या मनावर टाकली होती. एक दिवस ती सुटली तर तिचं शीर गेलं. हे मला शब्दांत नीट सांगता येत नाही, तुमच्या मडक्यांना सांगता येईल.

आणि पाणी मलप्रभेचंच हवं होतं. कणकुंबीला उगवते, आपल्या खानापुरावरून जाते आणि पुढे सौंदत्तीला पोचते. नदी तीच. देवीच्या घागरीत आपल्या घाटावरचं पाणी होतं, असं मला लहानपणापासून वाटतं.

रंगांचंही ऐका. बरेचसे मातीचे आहेत: नदीकाठची काळी, डोंगराकडची तांबडी, काव, चुना, डिंकात खललेले. जाड लावले की तडकतात, म्हणून हात पातळ ठेवायला शिकावं लागलं. पिवळ्यासाठी सगळीकडे रामरज आहे, फक्त एका चित्रात आईनं सौंदत्तीहून आणलेला भंडारा आहे. हळदीचा रंग उजेडात उडतो. तो उडू दे म्हणूनच ठेवलाय. ते चित्र परडी घेतलेल्या लहान मुलीचं आहे. देवीला मुली सोडण्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ चा कायदा आहे, तरी ज्या सोडल्या गेल्या त्यांचं आयुष्य कुणी भरून दिलं नाही. आई, जत्रेत एका म्हाताऱ्या जोगतिणीच्या पाया पडून तू म्हणाली होतीस, देवीनं पोरी मागितल्या नव्हत्या, माणसांनी सोडल्या. ते वाक्य चित्राखाली लिहिलंय, मराठीत आणि कन्नडमध्ये. सगळ्याच चित्रांखाली दोन्ही भाषा आहेत. डोंगरावर "उदं गं आई" म्हणणारा आणि कन्नडमध्ये हाक मारणारा एकाच रांगेत उभा असतो, मग इथे कुणाला बाहेर ठेवायचं?

आता जे विचारायचं आहे ते.

मार्गशीर्षातल्या पुनवेचं एक चित्र आहे. रांडाव पुनव. जमदग्नी मारले गेले म्हणून देवीचा चुडा फोडतात, ती पुनव. आपण गेलो होतो तेव्हा जोगुळभावीला अंघोळ करून वर चढलो, आणि वाटेत हिरव्या काचांचा खच पडला होता. तू मला कडेवर घेतलंस, पायात रुतेल म्हणून. त्या काचा माझ्या डोळ्यांतून कधी गेल्या नाहीत. चित्रात खाली त्याच काचा आहेत, आणि वर दोन हात माती मळताहेत. चुडा फुटला तरी दुसऱ्या दिवशी पाणी भरायचं असतं, पीठ मळायचं असतं. ते हात मला कुठे मिळेनात. मग उन्हाळ्यात तू परड्यात बाबांसाठी माती मळत होतीस, मी समोर बसून काढत होते, तू विचारलंस, "काय करूलालीस गं?" मी म्हटलं, हात काढते. तू हसलीस.

ते तुझे हात आहेत, आई. माती मळताना तू बांगड्या कोपरापर्यंत सारतेस, म्हणून चित्रात मनगटं मोकळी आहेत. डाव्या अंगठ्यावर आव्याचा चटका बसल्याचा डाग आहे, तोही आलाय. गल्लीतलं कुणीही आलं तर ओळखेल. आणि बाबा समोर असताना तुझी मोकळी मनगटं फुटलेल्या चुड्यावर दिसणं म्हणजे काय, हे मला समजतं. लोकांचं सोडा, तुझ्या स्वतःच्या मनाला ते कसं वाटेल हा प्रश्न आहे. म्हणून विचारते आहे.

तू नको म्हणालीस तर ते चित्र लागणार नाही. मी हात बदलून दुसऱ्या कुणाचे करणार नाही, वरून बांगड्याही रंगवणार नाही. ते काढून ठेवीन, घरी आणीन, तुला हवं तर कपाटामागे ठेव. त्या भिंतीवर दुसरं चित्र तयार आहे, प्रदर्शनाचं काही अडणार नाही. माझ्यावर उपकार म्हणून हो म्हणू नकोस. आणि बाबा, तुम्हालाही विचारतेय, कारण त्या काचा तुमच्या जिवाशी जोडलेल्या आहेत. तुम्हाला खटकलं तर आईच्या आडून सांगू नका, सरळ सांगा.

मला मात्र ते चित्र सगळ्यांत जवळचं आहे, हे लपवून काय करू. देवी कशी दिसत असेल असं मी स्वतःला विचारलं तेव्हा दरवेळी परड्यात उकिडवी बसलेली तूच डोळ्यांपुढे आलीस.

यायचं मात्र दोघांनीही, चित्र लागो न लागो. खानापुराहून सकाळच्या बसनं या. आईला तिकीट पडणार नाही, पण आधार कार्ड विसरू नका, नाहीतर कंडक्टर ऐकत नाही. मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत जाऊ नका, आरपीडी कॉर्नरला उतरा, मी तिथे उभी असेन. बाबांच्या गुडघ्यासाठी दालनात खुर्ची सांगून ठेवली आहे. शनिवारी आलात तर बरं, शुक्रवारी पाहुण्यांची गर्दी असेल आणि मला तुमच्याजवळ थांबता येणार नाही. येताना आणखी एक कच्ची घागर जमली तर आणा, एकीच्या गळ्याला वाटेत तडा गेलाय.

बुधवारी रात्रीपर्यंत फोन करा. गुरुवारी सकाळी चित्रं टांगायला माणूस येणार आहे, त्याला कुठली भिंत कशी ते सांगावं लागेल.

तुमची,
धाकटी