झिंक फिंगर अणू-अणूनं दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगून झालं असतं. पण तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी बऱ्याच शिक्षकांच्या उपयोगाचं आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळते. एवढंच सांगते की प्रथिनांचे स्फटिक वाढवण्यात आणि त्यांच्या रचना सोडवण्यात तुमची हयात गेली, आणि तालुक्याच्या कॉलेजातल्या एका अनोळखी शिक्षिकेच्या ईमेलला तुम्ही निवृत्तीनंतरही लगेच उत्तर दिलंत.

आमच्या एम.एस्सी.च्या बायोइनऑर्गॅनिकच्या, म्हणजे सजीवांतल्या धातूंच्या रसायनाच्या, पेपरात झिंक फिंगर असतं : जस्ताभोवती घडी पडलेला, डीएनएला धरणारा प्रथिनाचा बोटासारखा छोटा भाग. सिस्टीन आणि हिस्टिडीन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे, प्रत्येकी दोन, मधे जस्ताचा अणू. मुलं हे चित्र सुबक काढतात आणि गुण मिळवतात. पण जस्तच का, आणि हे प्रथिन डीएनएवरची नेमकी जागा शोधतं कसं, हे त्या चित्रातून मला शिकवता येत नव्हतं. मी तुमच्याकडे एखादा चांगला लेख मागितला होता. तुम्ही म्हणालात, "लेख नंतर वाच. आधी फाईल उघड."

ती फाईल म्हणजे प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या खुल्या संग्रहातली १झेडएए (1ZAA). उंदराच्या झिफ२६८ या प्रथिनाची तीन बोटं (झिंक फिंगर) डीएनएला धरून बसलेली आहेत, अशी ही स्फटिकरचना. निकोला पावलेटिच आणि कार्ल पॅबो यांनी ती १९९१ साली २.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) इतक्या बारकाव्यानं सोडवली. तोवरचा इतिहास तुम्ही दोन वाक्यांत सांगितलात. बेडकाच्या अंड्यातल्या टीएफथ्रीए प्रथिनात तीसेक अमिनो आम्लांचा एकच साचा नऊ वेळा येतो, हे पाहून १९८५ मध्ये आरॉन क्लूग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक साचा एकेक जस्त धरत असणार हे ओळखलं. १९८९ मध्ये एनएमआरनं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपून रचना काढण्याच्या पद्धतीनं, एका सुट्या बोटाची घडी दाखवली. डीएनएसकट चित्र मात्र १झेडएएनंच पहिल्यांदा दिलं.

मग तुम्ही व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून एकेक गोष्ट करून घेतलीत. पायमॉल या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचे लाल ठिपके लपवायचे, पहिलं बोट तेवढं ठेवायचं, जस्ताचा गोळा मोठा करायचा आणि अंतरं मोजायची. साखळीतल्या सातव्या आणि बाराव्या जागेच्या सिस्टीनचं गंधक जस्तापासून सुमारे २.३ अँगस्ट्रॉमवर, पंचविसाव्या आणि एकोणतिसाव्या हिस्टिडीनचा नायट्रोजन २ च्या आसपास. चौघं चार कोपऱ्यांना. वर्गात चतुष्फलक हा शब्द मी कायम वापरत आले, पण त्यातलं एकेक अंतर मोजण्याचा आनंद मला तुमच्यामुळे मिळाला.

"आता जस्त काढून टाक आणि काय उरतं ते बघ," तुम्ही म्हणालात. उरतात साखळीच्या दोन आखूड सपाट बीटा पट्ट्या, एक गुंडाळलेलं आल्फा सर्पिल आणि मधे सोळावं फेनिलअॅलनीन, बाविसावं ल्युसीन असे मोजके तेलकट अणुगट. एवढ्या छोट्या प्रथिनाला आतून धरून ठेवायला तेवढा गाभा पुरत नाही. ती घडी जस्त पक्की करतं. आणि जस्त इलेक्ट्रॉन देण्याघेण्याच्या फंदात पडत नाही, त्यामुळे ते डीएनएशेजारी असणं धोक्याचं नाही. लोह किंवा तांब्याबद्दल असं म्हणता आलं नसतं. माझ्या विषयातली गोष्ट, पण या कोनातून ती मला कुणी दाखवली नव्हती.

मला सगळ्यात भावलं ते पंचविसावं हिस्टिडीन. त्याच्या कड्यात दोन नायट्रोजन. एकानं जस्त धरलंय, दुसऱ्यानं डीएनएच्या कण्यातला फॉस्फेट. तुम्ही ते कडं स्क्रीनवर हळूहळू फिरवत होतात आणि काहीच बोलत नव्हतात. मला आपणहून दिसावं म्हणून तुम्ही थांबला होतात, हे मला कळत होतं. शिक्षक म्हणून मी त्यातून फार शिकले.

पुढे डीएनएच्या मोठ्या खाचेत शिरलो. जीसीजी टीजीजी जीसीजी अशी ती नऊ अक्षरं, प्रत्येक बोटाच्या वाट्याला तीन. त्यात ग्वानिन (जी) सहा, आणि सहाही धरलेली : पाच अर्जिनीननं, एक हिस्टिडीननं. अर्जिनीनचं टोक ग्वानिनच्या एन-सात आणि ओ-सहा या दोन अणूंसमोर नेमकं येतं, आणि पाचांपैकी तीन अर्जिनीनना शेजारचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल हलू देत नाही. हायड्रोजन बंध काढायला मी उत्साहानं सरसावले, तेव्हा तुम्ही आठवण दिलीत की या फाईलमध्ये हायड्रोजन नाहीतच. इतक्या रिझोल्यूशनला (बारकाव्याला) ते दिसत नाहीत. बंध आपण अंतरावरून आणि कोनावरून ठरवतो. काय मोजलेलं आणि काय अनुमानानं काढलेलं, यातला फरक तुम्ही दर वेळी सांगितलात. हे शिक्षण पाठ्यपुस्तकात मिळत नाही.

याच रचनेनं लोकांना बोटं बदलून हवी ती जागा शोधणारी प्रथिनं घडवायचं बळ दिलं. श्रीनिवासन चंद्रसेगरन यांच्या गटानं १९९६ मध्ये अशा बोटांना फोक-वन या डीएनए कापणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) कापणारा भाग जोडला, आणि जनुक ठरवून कापण्याचा रस्ता खुला झाला. वर्गात आता हे सांगताना माझ्या हातात नुसती गोष्ट नसते, फाईल असते.

यंदा मुलांनी हे सगळं कॉलेजच्या जुन्या संगणकांवर केलं. फाईल फुकट, मापं त्यांची त्यांनी घेतलेली. एका मुलीनं जस्ताभोवतीचे सगळे कोन मोजून त्याचा तक्ता केला आणि ते सगळे आदर्श चतुष्फलकासारखे १०९.५ अंश का येत नाहीत, यावर वर्गात तावातावानं चर्चा झाली. अशी चर्चा माझ्या वर्गात होते आहे, ती तुमच्यामुळे. त्यासाठी मनापासून आभार. तुमच्या संध्याकाळी आमच्यासाठी गेल्या, त्याची मला पूर्ण जाणीव आहे.

त्याच मुलीचा एक प्रश्न सोबत धाडते, कारण तो तुम्हाला आवडेल. नऊ अक्षरांपैकी दोन सायटोसिन (सी) आणि एक थायमिन (टी) यांना या रचनेत डीएनएच्या त्या पट्टीवर कुणीच नीट धरलेलं नाही. दुसऱ्या बोटातलं बावन्नावं थ्रिओनीन थायमिनच्या बाजूला आहे, पण त्याला शिवत नाही. मग तिथे दुसरं अक्षर घातलं तर प्रथिनाला फरक का पडावा, असं ती विचारते. डीएनएच्या समोरच्या पट्टीकडे बघ, एवढंच मी तिला सांगितलंय. पुढचं तिला तुमच्याकडून ऐकायचंय. सवडीनं वेळ कळवा, मी संगणक जोडून ठेवते.

आपली कृतज्ञ,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका