‘मालिकेच्या पुण्याईवर’ हा शेरा अपुरा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मालिकांतील कलाकारांनी गाण्याकडे वळण्याविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ऑस्ट्रेलियाच्या कायली मिनोग यांची त्यात ‘मालिकेच्या पुण्याईवर गायिका झालेली अभिनेत्री’ अशी एका ओळीत बोळवण केली आहे. हा शेरा त्यांच्या पहिल्या काही वर्षांना लागू पडतो, पुढच्या तीन दशकांना मुळीच लागू पडत नाही, म्हणून हे पत्र.

पुण्याई होती, हे आधीच मान्य करतो. मेलबर्नमध्ये चित्रित झालेल्या ‘नेबर्स’ या मालिकेत १९८६ पासून त्यांनी शार्लीन ही बॉयलर सूट घालून गाड्या दुरुस्त करणारी फटकळ मुलगी उभी केली. या शार्लीनच्या लग्नाचा भाग १९८८च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये दाखवला गेला, तेव्हा तो सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला. त्यांचे पहिले गाणेही मालिकेच्या गोतावळ्यातूनच आले. एका फुटबॉल क्लबाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात मालिकेतील सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘लोकोमोशन’ हे साठच्या दशकातले गाणे म्हटले आणि पुढे त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. १९८७ मध्ये ती ऑस्ट्रेलियात सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

त्यानंतर त्या लंडनला स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या निर्मात्यांकडे गेल्या. ही बाई येणार आहे याचाच तिथे विसर पडला होता. त्या बाहेर ताटकळत असताना आत सुमारे ४० मिनिटांत ‘आय शुड बी सो लकी’ लिहिले गेले आणि घाईघाईने ध्वनिमुद्रितही झाले. ब्रिटनमध्ये ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गाणे कोणते, चाल कोणती, वाद्यमेळ कसा, हे सारे निर्माते ठरवत आणि मिनोग दिलेले म्हणत. त्या काळातल्या समीक्षकांनी त्यांची टर उडवली, त्यात तथ्य अजिबात नव्हते असे मी म्हणणार नाही.

परंतु लेखकाने जिथे लेखणी थांबवली, तिथूनच खरी कारकीर्द सुरू होते. १९९२ मध्ये त्या या निर्मात्यांपासून वेगळ्या झाल्या. त्यांच्या छायेत असताना मिनोग यांचे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या दहांच्या बाहेर राहण्याची वेळ क्वचितच आली होती. तरीही हे सुरक्षित दुकान सोडून त्या एका नृत्यसंगीताच्या छोट्या कंपनीकडे गेल्या. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन रॉक गायक निक केव्ह यांच्याबरोबर त्यांनी एक खूनगीत गायले. त्यात मारेकरी आणि त्याच्या हातून मरणारी मुलगी आळीपाळीने आपली बाजू सांगतात. मिनोग ते गाताना आवाज चढवत नाहीत, हरकती घेत नाहीत. जवळजवळ बोलल्यासारखे, भोळेपणाने गातात, आणि त्या भोळेपणामुळेच पुढे काय होणार हे कळत असलेल्या ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. हे काम पात्र उभे करण्याची सवय असलेल्या गळ्याचेच आहे. अभिनयाची पार्श्वभूमी म्हणजे गायिकेतले वैगुण्य, असे धरून चालणाऱ्या आपल्या लेखकाने हे गाणे एकदा शांतपणे ऐकावे. केव्ह यांच्याच आग्रहावरून १९९६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये काव्यवाचनाच्या कार्यक्रमात मिनोग यांनी ‘आय शुड बी सो लकी’चे शब्द संगीताविना, कवितेसारखे वाचून दाखवले. ज्या गाण्यावरून आपली थट्टा झाली, तेच असे चारचौघांत वाचायला धाडस लागते (आणि विनोदबुद्धीही).

या वाटेवर त्यांना आपटीही खावी लागली. ज्या अल्बमच्या गीतलेखनात त्यांचा सर्वांत मोठा वाटा होता, त्याच्या नावात ‘प्रिन्सेस’ हा शब्द होता. ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांच्या मृत्यूनंतर युरोपात ते नाव बदलावे लागले, प्रकाशन लांबले आणि ब्रिटनमध्ये खपही बेताचाच झाला. नुसती मालिकेची शिदोरी असती तर ती इथेच संपली असती. मात्र २००१ मध्ये, इतरांनी नाकारलेले एक गाणे नुसता नमुना ऐकून त्यांनी मागून घेतले आणि ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ जगभर गाजले. काय आपल्या आवाजाला शोभेल याची ही पारख मालिकेने दिलेली नव्हती.

२००५ मधले कर्करोगाचे निदान, अर्धवट सोडावा लागलेला दौरा आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनीतून पुन्हा सुरुवात, हे बहुतेकांना ठाऊक असेल. आपल्याकडे ‘ब्लू’ या २००९च्या हिंदी चित्रपटात ए. आर. रहमान यांच्या संगीतावर त्या सोनू निगम यांच्याबरोबर गायल्या, एवढीच त्यांची ओळख उरली आहे आणि ते त्यांचे काही उत्तम काम नव्हे.

२०२३ मध्ये ‘पडम पडम’ आले, तेव्हा तरुणांसाठीच्या ब्रिटिश रेडिओ केंद्रांनी आधी ते नियमित यादीत घेतले नाही आणि त्यावर गायिकेच्या वयावरून वाद झाला. २०२४ मध्ये त्याच गाण्याला ग्रॅमी मिळाले, त्या वेळी मिनोग ५५ वर्षांच्या होत्या. ते गाणे डोक्यावर घेणाऱ्या असंख्य मुलामुलींचा जन्म त्यांनी ‘नेबर्स’ सोडल्यानंतरचा आहे. पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाणार असेल, तर १९९२ नंतरच्या कामाचीही दखल घ्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सांगली