परातीतून वाचलेल्या बोरमाळेबद्दल, काकूंना

प्रिय काकू,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले असते तर "पुरे गं" म्हणत तुम्ही चहा टाकायला उठला असतात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. नौपाड्यात आणखी चार घरांत माझ्यासारखाच उद्योग चालू असेल, त्यांनाही उपयोगी पडेल.

त्या दुपारी तुम्ही कोथिंबीर वड्यांचा डबा घेऊन आलात, तेव्हा माझ्या ओट्यावर काय चाललं होतं ते आठवलं की अजून ओशाळायला होतं. परातीत ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर खायचा सोडा, वर कडकडीत पाणी. पैंजण, जोडवी आणि ऑक्सिडाइज्ड झुमके आधीच बुडाले होते. आता सोन्याचंही उरकून घ्यावं म्हणून आजेसासूबाईंची बोरमाळ हातात घेतलेली. तुम्ही थेट माझं मनगट धरलंत. "अगं, आत लाख आहे!"

बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, पोकळ, आणि त्यात लाख भरलेली असते हे मला खरंच माहीत नव्हतं. गरम पाण्यात ती मऊ होऊन बाहेर येते आणि मणी चेपतात. माहेरी सराफी असलेल्या माणसाला जे पाटीवरच्या अक्षरांसारखं ठाऊक, ते मला चाळिशीत कळलं.

झुमक्यांना मात्र उशीर झाला होता. पांढरेफटक! "काळेपणा विकत आणलेला असतो बाई, तू तो धुऊन टाकलास." यावर हसावं की रडावं?

मग तुम्ही पदर खोचलात आणि हॉलमध्ये जुनी सुती चादर अंथरलीत. पैंजण बघून विचारलंत, हे काळे पट्टे कसले? मी ते रबरबँडने बांधून ठेवायचे. रबरात गंधक असतं आणि चांदी काळवंडते तीही गंधकानेच, हे तुम्ही रागावण्याऐवजी समजावून सांगितलंत. फॉइलच्या पाण्यात तो गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो, म्हणजे माझा उपाय खोटा नव्हता. साध्या, खड्यांशिवायच्या चांदीपुरताच होता. टूथपेस्टचं नाव काढल्यावर तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत, तेवढं पुरलं.

पाटल्या नि बांगड्या रिठ्याच्या कोमट पाण्यात, लहान मुलाच्या मऊ ब्रशने. तेही बेसिनवर नाही, पसरट भांड्यात, पाणी गाळणीतून ओतत. गाळणीत कुडीची एक फिरकी सापडली तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नथ आणि तन्मणी यांना पाणी नाहीच, फक्त ओलसर मलमल. मोत्याला आंबट सोसत नाही, घामही नाही. म्हणून सगळा साज झाला, अत्तर लावून झालं, की मोती शेवटी घालायचे आणि उतरवताना आधी. तन्मणीचा दोरा सैल झाला होता. तो तुम्ही नखानेच ओळखलात आणि गाठवून आणेपर्यंत घालू दिला नाहीत.

चांदी आता घट्ट बंद पिशव्यांत आहे, सोबत खडूचा तुकडा, दमटपणा शोषायला. ठाण्याच्या पावसाळ्यात तो लागतोच. मोती सुती पुरचुंडीत, कारण फार कोरडं त्यांनाही नको. वहीत प्रत्येक दागिन्याचं वजन, पावती, फोटो. २०२३ च्या दिवाळीतल्या कानातल्यांवरचा सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक भिंगातून तुम्हीच वाचून लिहिलात. आजेसासूबाईंच्या पाटल्यांवर असलं काही नाही, तिथे तुम्ही फक्त "जुनं" असं लिहिलंत.

झुमके पुन्हा काळे करून द्यायला एक कारागीर तयार झालाय. आणि तुमचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा कसा परत करणार? रविवारी करंज्या तळते आहे, तेव्हा घेऊन येते. चहा मात्र मीच टाकणार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची