हेलियम प्लांटशिवाय थंड होणारी कॅव्हिटी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

खारघरला इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे हे नवी मुंबईतल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. कारखान्याचं सांडपाणी साफ करायलाही असा बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनचा वेगवान झोत, वापरता येतो, पण पाणी भरपूर असेल तर बीम तगडा आणि सतत चालू हवा, आणि इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या तांब्याच्या कॅव्हिटीत (धातूच्या पोकळ डब्यात) बरीच पॉवर भिंती तापवण्यातच जाते. नायोबियम धातूच्या सुपरकंडक्टिंग (अतिथंडीत विजेला जवळपास अडथळा न करणाऱ्या) कॅव्हिटीत तो लॉस जवळपास संपतो, पण ती साधारण २ केल्विनला, म्हणजे उणे २७१ अंशाला ठेवायची तर लिक्विड हेलियमचा अख्खा प्लांट लागतो. तळोज्यातला कुठला कारखानदार तो सांभाळणार?

पण कॅव्हिटीला आतून नायोबियम-टिनचा थर दिला की ४ केल्विनला भागतं, आणि तेवढी थंडी एमआरआयवरचं कोल्ड हेड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या क्रायोकूलरचं (अतिथंड करणाऱ्या मशीनचं) थंड टोक, रोज देतंच. मी ठाण्यात त्याच कोल्ड हेडची सर्व्हिस करतो, स्कॅनच्या वेळी त्याची चिक-चिक तुम्हीही ऐकली असेल. ४ केल्विनला ते जेमतेम एक-दोन वॅट उष्णता ओढतं, म्हणून ती उष्णता कोल्ड हेडपर्यंत नेणारी शुद्ध ॲल्युमिनियमची पट्टी कॅव्हिटीला घट्ट आवळलेली हवी, जराशी फट राहिली तरी उष्णता तिथेच अडते. अमेरिकेत फर्मिलॅब या प्रयोगशाळेने २०२० च्या सुमारास लिक्विड हेलियम न ओतता हे करून दाखवलंय.

आपल्याकडे हे काम हाताने जमणारी पोरं आहेत, फक्त आयटीआय-डिप्लोमात एसी-फ्रिजच्या पुढे कोणी शिकवत नाही. निदान एक क्रायोकूलर तरी वर्कशॉपमध्ये आणा, पोरांना उघडून बघू द्या.

- एक वाचक, कळवा, ठाणे