बक्कल नंबर

चि. शुभदा हिस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात तू घरी होतीस तेव्हा फोन वाजला की तुझा चेहरा उतरायचा. मला वाटलं, ऑफिसचं काहीतरी असेल. आता कारण कळलंय, म्हणून फोन न करता हे लिहितोय. कागद वाजत नाही.

काल रात्री सव्वानऊला मला तुझ्या कर्जाच्या वसुलीवाल्यांचा फोन आला. आवाजात जरब, भाषा अर्धी हिंदी. "पुण्याहून पीएसआय बोलतोय. तुमच्या मुलीवर चारसौबीस लागलंय. लोनचे पैसे बुडवलेत. आज रात्री भरले नाहीत तर सकाळी गाडी पाठवून उचलणार." माझ्या छातीत धस्स झालं, खोटं कशाला सांगू? बाप आहे मी. पण ३१ वर्षं तासगावच्या कोर्टात बेलीफ म्हणून, समन्स आणि जप्त्या बजावत काढली, ती जीभ आपोआप चालली. म्हटलं, "साहेब, गुन्हा रजिस्टर नंबर सांगा आणि तुमचा बक्कल नंबर सांगा." गु.र.नं. त्याला सांगता आला नाही. बक्कल नंबर मात्र त्यानं लगेच सांगितला, चार आकडी.

तिथंच तो सापडला. बक्कल नंबर म्हणजे वर्दीवरचा नंबर, तो शिपायाला असतो, हवालदाराला असतो. पीएसआयला, म्हणजे फौजदाराला, बक्कल नंबर नसतो, पोरी.

मग त्यानं व्हॉट्सॲपवर 'अरेस्ट वॉरंट' पाठवलं. वर तीन सिंह, मध्ये लाल शिक्का, खाली क्राइम ब्रँचच्या कुणा अधिकाऱ्याची सही आणि त्याच्याही खाली पैसे भरायला क्यूआर कोड! मी आयुष्यात किती वॉरंटं हाताळली असतील ते आमच्या नाझरलाच, बेलिफांना कामं वाटणाऱ्या साहेबालाच, माहीत, पण पैसे भरायचा चौकोन छापलेलं एकही पाहिलं नाही. वॉरंट पोलीस काढत नाहीत, कोर्ट काढतं. त्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का लागतो. आणि ते चारशेवीस कलम! ते जुन्या दंड संहितेतलं. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचं कलम आता ३१८. तू कर्ज काढलंस गेल्या दिवाळीत. त्या बिचाऱ्यानं छापील मजकूरसुद्धा बदललेला नाही.

आता तुझ्या कर्जाबद्दल. पस्तीस हजार घेतलेस, हातात साडेएकतीस आले, तीन हप्ते भरलेस आणि नोकरी गेल्यावर थांबलेस. हे पैसे देणं आहे, ते फेडायचं आहे. यात दोन मतं नाहीत. पण हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे. घेतानाच लबाडी केली असेल, खोटी कागदपत्रं दिली असतील, तर गोष्ट वेगळी. तू तसं केलेलं नाहीस, एवढं मी तुला ओळखतो. चेक किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते, ते मी झाकत नाही. पण तिथंही आधी लेखी नोटीस येते, पंधरा दिवसांची मुदत मिळते आणि मग कोर्टाचं समन्स. सकाळची गाडी कुठंच नाही.

दिवाणी काम कसं चालतं ते तुला कधी सांगितलंच नाही, घरी कोर्टाचा विषय आईला आवडायचा नाही. आधी दावा, मग समन्स. ते मी घेऊन जायचो, स्थळप्रतीवर, म्हणजे कोर्टाकडे राहणाऱ्या प्रतीवर, सही घ्यायचो. घेतलं नाही तर दाराला चिकटवून यायचो. मग तारखा, मग हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकाल. तरी पैसे आले नाहीत तर दरखास्त, म्हणजे वसुलीसाठी कोर्टात अर्ज, आणि मग जप्ती. जप्तीतसुद्धा अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण यांना हात लावायचा नसतो. धर्माप्रमाणे बाईला उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, तेही वगळलेलं. पगार जप्त झाला तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्यातला दोन-तृतीयांश हिस्सा तुझाच राहतो. आणि पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करताच येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत १९०८ पासून लिहिलेलं आहे. यात पोलीस आलेच तर बंदोबस्ताला येतात, तेही कोर्टानं सांगितलं तर. वसुली हे त्यांचं काम नव्हे.

इथं एक गोष्ट सांगतो. तुझ्या जन्माच्या आधीची आहे. एका वसुलीच्या वॉरंटावर मी एका वाडीत गेलो होतो. दरखास्तदार स्वतः मोटारसायकल घेऊन बरोबर आला होता. माझ्या अंगात खाकी शर्ट. दारात म्हातारी होती, मुलगा रानात. तिनं मला बघून हात जोडले, म्हणाली, "फौजदारसाहेब, पोराला न्हेऊ नगासा." दरखास्तदारानं मला हळूच कोपरानं ढोसलं. मी गप्प राहिलो. म्हातारी आत गेली, तांदळाच्या डब्यातून सातशे रुपये काढून आणले. मी रीतसर पावती लिहून दिली. कागद एकदम स्वच्छ. मी पोलीस आहे असं मी म्हणालो नव्हतो, शुभदा. नाही असंही म्हणालो नव्हतो.

काल तो माणूस फोनवर ओरडत होता तेव्हा मला ती म्हातारी दिसत होती. मी गप्प बसून जे केलं, तेच हे लोक दिवसाला शंभर फोन लावून करतात. फरक एवढाच की त्यांनी उघड बतावणी केली, आणि तो स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम २०४, कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. आपल्यावर कलमं लावणाऱ्याला त्याचं स्वतःचं कलम माहीत नसतं.

तर आता काय करायचं. त्यांचे मेसेज पुसू नकोस, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे फोटो काढून ठेव. मी कालचा फोन रेकॉर्ड केलाय. कुठल्याही क्यूआरवर पैसे टाकू नकोस. ॲपच्या मागे कर्ज देणारी कंपनी कोणती, ते करारात लिहिलेलं असतं, आणि हप्ता त्या कंपनीच्याच खात्यात जायला हवा, एजंटाच्या नव्हे. रिझर्व्ह बँकेनं हे सप्टेंबर २०२२ मध्येच घालून दिलंय. फोनातली नावं-नंबर उचलायलाही तेव्हाच बंदी झाली. मग माझा नंबर त्यांच्याकडे गेला कसा, हाही तक्रारीतला मुद्दा. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नसतो. सव्वानऊला पीएसआय जागा असेल, एजंटानं झोपायला हवं.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल कर. त्यातच लिही की कर्ज मान्य आहे, नोकरी गेल्यामुळे हप्ते कमी करून हवेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फोन १४४४८. तोतया पोलिसाची तक्रार मात्र आजच सायबर गुन्ह्यांच्या १९३० या नंबरवर कर, आणि जवळच्या ठाण्यात अर्ज देऊन पोच घे. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. ठाणे अंमलदार कंटाळेल, कंटाळू दे.

लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नकोस, ती खरीही असू शकते. तिथं तडजोड होते, अटक होत नाही. समन्स हल्ली मोबाइलवरही येऊ शकतं, तेव्हा आलंच तर ई-कोर्ट्सच्या साइटवर तुझं नाव घालून बघ किंवा मला पाठव. पोलिसांनी चौकशीला बोलावण्याची नोटीस मात्र व्हॉट्सॲपवर चालत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये ते स्पष्ट केलंय.

एका गोष्टीचा राग आहे. पस्तीस हजारांसाठी तू ॲपकडे गेलीस आणि बेदाण्याचे पैसे घरात पडून होते. यावर समोरासमोर बोलू.

आज सकाळी त्याचा परत फोन आला. मी आंघोळीला होतो, आईनं उचलला. तो काय बोलला ते तिनं सांगितलं नाही. ती त्याला म्हणाली ते न्हाणीपर्यंत ऐकू आलं. "या की. यायच्या आधी कळवा, भाकरी टाकायला बरं. आणि येताना वर्दी घालून या, आमच्या ह्यांना बघायचीय."

शनिवारच्या एसटीनं ये. कराराची प्रिंट आण, सगळी पानं.

तुझे
आप्पा