बाईंनी कर्ता विचारला

इंदूर, रविवार रात्र

बंड्या,

आधी शिव्या घालून घे. दिवाळीत तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत, नंतर करू नंतर करू म्हणत राहूनच गेलं. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा तसाच, सुषमा बरी. झालं.

लिहायचं कारण वेगळंय आणि ते तुलाच कळेल. दोनेक महिन्यांपूर्वी एक गॉलब्लॅडर केलं, म्हणजे पित्ताशय काढलं, दुर्बिणीतून, रोजचंच. रामबागेतल्या बाई, जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या. आत सगळं सुजलेलं, चिकटलेलं, आणि मी सिस्टिक डक्ट, पित्ताशयाची ती छोटी नळी, समजून पित्ताच्या मेन नळीलाच क्लिपा मारल्या आणि कापली. हजारात तीन ते पाच जणांना होतं हे, मीच ज्युनियर पोरांना ऐकवत असतो. पण मी रेकॉर्डिंग पाहिलं रे, तीनदा. पित्ताशयात दोनच गोष्टी शिरताना स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप मारायची नाही, १९९५ पासून हे सांगतायत, आणि मी तिथे अर्धं मिनिटसुद्धा थांबलेलो नाही. पुढचा पेशंट बाहेर तयार होता ना.

तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. लगेच मोठ्या सर्जनकडे पाठवलं, त्याने आतडं वर घेऊन नळीला जोडलं, बाई निभावल्या. मुलाला मी तेव्हा सांगितलं, "नळीला इजा झाली." बास, एवढंच.

परवा बाई एकट्याच आल्या. मी पुन्हा तेच, सूज होती, चिकटलेलं होतं, त्यात नळी कापली गेली. तर म्हणाल्या, "डॉक्टर, या वाक्यात कर्ता कुठंय?" मी हसलो. त्या नाही हसल्या. मग म्हटलं, मी कापली, चुकून, पण मीच.

(आठवीत 'प्रयोग ओळखा' मी तुझंच बघून लिहायचो. घरी येऊन नातीचं व्याकरण उघडलं, तर 'मी नळी कापली' हासुद्धा कर्मणीच निघाला. पण त्यात मी आहे तरी.)

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आदल्या आठवड्यात गराडू, ते तळलेले कंद, खाल्ले होते, मला वाटलं त्यानेच कावीळ झाली. दोन महिने मी स्वतःलाच बोल लावतेय." बंड्या, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं, न सांगून आपण फक्त स्वतःला वाचवतो.

आता त्यांना ते कागदावर हवंय. कार्डावर मी लिहिलंय 'ऑपरेशननंतर कावीळ, पुढील उपचारासाठी रेफर'. खोटं काहीच नाही त्यात, हीच तर कारागिरी. पार्टनर म्हणतो वेडा झालास का, ग्राहक आयोगात हेच पहिलं पान लागेल, आणि विमावाल्यांची अटच आहे की आम्हाला विचारल्याशिवाय काही कबूल करायचं नाही. तुझा मुलगा तिकडे एनएचएसमध्ये, त्यांच्या सरकारी आरोग्यसेवेत, त्याला विचार, इंग्लंडात २०१४ पासून हॉस्पिटलवर बंधन आहे, पेशंटला इजा झाली तर सांगायचं, माफी मागायची, लेखी द्यायचं. नुसती माफी म्हणजे चुकीची कबुली धरत नाहीत असाही कायदा आहे तिकडे, २००६ चा. आपल्याकडे ऑपरेशनच्या आधी काय सांगायचं त्यावर सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे, त्यातून आपण सह्या घ्यायला तेवढे शिकलो. नंतर काय सांगायचं ते ज्याच्या त्याच्या पोटात.

आणि हो, ते मॉपचं प्रकरण, पेशंटच्या पोटात कापडाचा बोळा राहिला होता ते. तू नातेवाइकांना सांगून टाकलंस तेव्हा मी सरांच्या मागे उभा राहून फरशी बघत होतो. वर तुला हरिश्चंद्राची औलाद म्हणालो. तू मला काय म्हणालास ते सुषमाला अजून सांगितलेलं नाही. शब्द वाईट होता पण बरोबर होता. तरी माझे त्या वेळचे चारशे रुपये तू अजून दिलेले नाहीस हेही खरं.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? धाकटीचं ठरलं म्हणे, तारीख कळव, सराफ्यातला जो काय खादाडीचा कार्यक्रम तो माझ्याकडे.

जुन्या कार्डाला हात लावणार नाही, आजची तारीख टाकून वेगळी पुरवणी लिहितोय. तीन कागद फाडले. पार्टनरला अजून सांगितलेलं नाही. बाई गुरुवारी येणारेत. चौथा कागद बुधवारपर्यंत तुला फोनवर पाठवतो, वाच, आणि शुद्धलेखन नीट बघ, त्या लाल पेन घेऊनच बसतील.

तुझा,
दिल्या